उंबऱ्यापासून खाटेपर्यंत

आमच्या पुढच्या खोलीत उंबऱ्यापासून माझ्या खाटेपर्यंत लादीचा एक पट्टा फोडलेला आहे. दीड हात रुंद असेल. बाकी खोली आरशासारखी चकचकीत आणि मधूनच हा मातीचा पट्टा, शेणाने सारवलेला. नवीन माणूस आला की आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. कोणी विचारतं पाइप फुटला होता काय, कोणी विचारतं खालून वाळवी आली होती काय. मी हो म्हणतो. मुलगा मुंबईहून सांगत असतो, गवंडी बोलावून बुजवून टाका. मी नाही म्हणतो. पट्टा मी फोडला आहे, माझ्या पहारीने. का फोडला ते घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. तोंडाने सांगायला जमायचं नाही. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात जे येतं ते लिहितो.

कुत्रा गावठी होता. तांबडा, छातीवर पांढरा डाग, एक कान कायम पडलेला. त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. यू-यू केलं की तो यायचा, मग नाव कशाला. पिल्लू होता तेव्हा मळणीच्या दिवसांत खळ्यावर आला आणि माझ्या मागून घरी आला, एवढंच. आमची नाचणी डोंगराच्या अंगाला असते. पिकात माकडं उतरली की हा वरून असा सुटायचा की दगड त्याच्या मागे गडगडत यायचे, पण याचा पाय कधी सरकला नाही. ज्या उतरणीवर मी काठी रोवून एकेक पाऊल टाकतो तिथून तो पळत खाली जायचा आणि पायथ्याला थांबून माझी वाट बघायचा. मला राग यायचा. कुत्र्याने माणसासाठी थांबावं हे मला पटत नव्हतं.

घरात त्याची जागा माझ्या खाटेखाली. तेव्हा जमीन शेणाची होती. आमची घरवाली आठवड्याला सारवायची आणि सारवून झालं की दार लोटून घ्यायची, वाळेपर्यंत कोणी येऊ नये म्हणून. हा नाकाने दार उघडायचा आणि ओल्या सारवणावरून सरळ खाटेखाली. उंबऱ्यापासून खाटेपर्यंत पंजांची रांग उमटायची. "तुझं तंगडं मोडलं मेल्या," असं ती म्हणायची आणि पुन्हा तेवढाच पट्टा सारवायची. हे असं अकरा वर्षं चाललं.

मग शेजारी माझ्या चुलतभावाने लादी घातली. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्याच्याकडे चहाला गेलेली माणसं परत येताना माझ्या ओट्यावर टेकायची आणि त्याच्या लादीचं कौतुक करायची. मी ऐकून घेतलं दोन महिने. मग मुलाला फोन केला, आपल्यालाही घालायची, त्याच्याहून भारी.

महाडला दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने एक खरबरीत लादी पुढे केली. म्हणाला, "बाबा, घरात वयाची माणसं असतील तर ही घ्या. पाय धरते."

"वयाचं कोण हाय?" मी म्हटलं. "आणि असली लादी न्हाणीत घालतात. मला तोंड दिसेल अशी दाखव."

घरवाली सोबत होती. ती म्हणाली, "अवो, तोंड बघायला आरसा हाय की घरात."

"तू गप गो," मी म्हटलं.

जी लादी घेतली ती मी घेतली. हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

गवंड्यांनी काम संपवलं, खोली पुसून झाली, गावातली पाचसहा माणसं बघायला आली. चुलतभाऊपण होता. कुत्रा दोन दिवस बाहेर होता, तो रोजच्यासारखा आत शिरला आणि तिसऱ्या पावलाला त्याचे चार पाय चार दिशांना गेले. पोटावर आपटला. उठायला गेला की मागचे पाय पुन्हा फाकले. नखं लादीवर नुसती वाजत होती.

"दादा, तुझा कुत्रा नाचायला लागला," चुलतभाऊ म्हणाला.

"नवी जागा हाय. शिकंल."

सगळे हसले. मीपण हसलो. कुत्रा कसाबसा घसपटत दारापर्यंत गेला आणि पायरीवर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

तो शिकला नाही. रोज उंबऱ्यापाशी यायचा, एक पंजा आत टाकायचा, काढून घ्यायचा आणि माझ्या खाटेकडे बघून बारीक रडायचा. घाबरला की कुत्रा नखं रोवायला बघतो. मातीत नखं रुततात, लादीत रुतत नाहीत, उलट जास्तच घसरतो. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटत होतं हा नाटक करतोय. दोन वेळा मी त्याला मानेला धरून आत ओढला. दोन्ही वेळा तो पडला. दुसऱ्या वेळी उठताना मागच्या उजव्या पायाने लंगडला आणि तो लंगडा राहिला तो राहिलाच.

तेव्हा कुठे मी मनावर घेतलं.

मुलाने मुंबईहून कुत्र्याचे मोजे पाठवले. "बाबा, टेन्शन नका घेऊ, खाली रबर आहे, ग्रिप मस्त आहे," असं फोनवर म्हणाला. चार मोजे चढवायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला. कुत्रा एक पाय झटकायचा, मग दुसरा. दोन मोजे त्याने खाऊन टाकले, एक विहिरीत मिळाला. चौथ्यात घरवाली हळद ठेवते.

मग पोलादपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला, रिक्षात मांडीवर घेऊन. डॉक्टर तरुण होता, पण त्याने घाई केली नाही. पंजा उलटा करून मला दाखवला. "बघा बाबा, नखं केवढी वाढलीत. रानात फिरत होता तेव्हा आपोआप झिजायची. आता आधी नख टेकतं, पंजाची गादी जमिनीला लागतच नाही. आणि गाद्यांमधले हे केस, यांच्यावरून तो घसरतो." त्याने नखं कापली, केस कापले, दर महिन्याला कसे कापायचे ते शिकवलं. मग विचारलं, "घरात जमीन कसली आहे?"

मागे बाकावर आमच्या बाजूची दोन माणसं कोंबड्या घेऊन बसली होती. माझी लादी ती दोघं बघून गेली होती, तिची तारीफ करून गेली होती. त्यांच्यासमोर ही लादी वाईट असं माझ्या तोंडून निघेना. मी आवाज बारीक करून डॉक्टरला म्हटलं, "शेणाची."

"मग उत्तम," डॉक्टर म्हणाला. "शेणाची असेल तर अजून दोनतीन वर्षं आरामात चालेल."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. घरवालीला फक्त नखांचं सांगितलं.

त्याच्या लंगडण्यासाठी मी सवच्या गरम पाण्याच्या कुंडाचं पाणी आणलं. माझ्या गुडघ्यांची सूज त्या पाण्याने उतरते, मग त्याचा पाय का नाही. एसटीतून पाच लिटरचा कॅन आणेपर्यंत पाणी गार झालं. ते मी चुलीवर तापवायला ठेवलं. घरवाली बघत उभी राहिली. "सवचं पाणी आपल्या चुलीवर तापवताय. मग विहिरीचं काय वाईट होतं?" त्या पाण्याने कुत्र्याचा पाय शेकला. त्याला बरं वाटलं असेल, किंवा मी जवळ बसलो म्हणून वाटलं असेल.

डॉक्टरचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. शेणाची असेल तर चालेल. मग एक दिवस घरवाली माहेरी बारशाला गेली तेव्हा मी गाईचं शेण आणलं, त्यात माती कालवली आणि त्या आरशासारख्या लादीवर सारवायला बसलो. आयुष्यात कधी सारवलं नव्हतं. ते बाईमाणसाचं काम म्हणून लांबून बघितलं होतं फक्त. दार आतून लावून घेतलं आणि उंबऱ्यापासून खाटेपर्यंत हाताने जाड थर दिला. अर्धवट सुकल्यावर दार उघडलं आणि यू-यू केलं.

तो आत आला. वास घेतला. पंजा टाकला आणि पंजा टिकला. मग दुसरा. शेपटी हलवत हलवत खाटेखाली गेला आणि पहिल्यासारखा गोल फिरून बसला. मी तिथेच जमिनीवर बसलो. माझे हात कोपरापर्यंत शेणाचे होते आणि मला लई आनंद झाला होता.

संध्याकाळी घरवाली आली तेव्हा सारवण वाळलं होतं. लादीला ते धरत नाही. लादी पीत नाही काही. थराचे पापुद्रे झाले, चालताना कुत्र्याच्या पायाखालून करकर सुटून यायला लागले आणि त्या भुग्यावरून तो नुसत्या लादीवर घसरला नसता तेवढा घसरला. मी भुगा बसावा म्हणून पाणी शिंपडलं. मग तर शेवाळच झालं.

ती दारात उभी राहून बघत होती. रागावेल असं वाटलं होतं. तिने पदर खोचला, खोरं घेतलं आणि सगळं खरवडून काढलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"शेण मातीला धरतं."

मग गोणपाट. नुसतं गोणपाट लादीवरून कुत्र्यासकट सरकतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबा उभ्या चिरल्या, त्यांच्या पट्ट्या दाभणाने गोणपाटाच्या खालच्या अंगाला शिवल्या. रबराने लादी धरली. पाच गोणपाटं एकाला एक जोडून उंबऱ्यापासून खाटेपर्यंत वाट केली. कुत्र्याला बसायच्या आधी गोल फिरायला लागतं, म्हणून खाटेजवळ वेगळा चौकोन शिवला. चालताना मागचा भाग लटपटला तर माझा पंचा त्याच्या पोटाखालून घालायचा आणि वर नुसता आधार द्यायचा, ओढायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. रोज करताना कळत गेलं.

ती वाट त्याने एका दिवसात ओळखली. एकदाही गोणपाटाबाहेर पाय टाकला नाही. उंबऱ्यावर यायचा, खाली वाकून वास घ्यायचा, गोणपाट आहे याची खात्री करायचा आणि मगच आत. मधे दोनदा थांबायचा. दिवाळी गेली, थंडी गेली, तो स्वतःच्या पायाने माझ्या खाटेपाशी येत होता. मला वाटलं डॉक्टर म्हणाला ती दोनतीन वर्षं आता मिळतील.

मग शिमगा आला. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. पालखीवाल्यांचे पाय उंबऱ्यावर धुवायचे, पालखी पुढच्या खोलीत बसवायची, नारळ द्यायचा. कुत्रा दरवर्षी देवळापासून पालखीच्या पुढे चालत आमच्या घरापर्यंत यायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, ढोल वाजला की निघायचा.

आदल्या दिवशी चुलतभाऊ ओट्यावर आला. आत डोकावून म्हणाला, "दादा, उद्या देव गोणपाटावरनं येणार काय तुझ्याकडं?"

"नाय येणार," मी म्हटलं. "देव लादीवरनंच येणार."

तो चेष्टा करत होता. त्याचा तोच स्वभाव आहे. मी मात्र सकाळी उठून गोणपाटं गुंडाळायला लागलो.

घरवाली म्हणाली, "अवो, राहू द्या. इतकी वर्षं देव आपल्याकडं शेणावरनं येत होता. गोणपाटाला काय हाय?"

"माणसं बघतील."

"बघू दे."

"तासाभराचा प्रश्न हाय. कुत्र्याला गोठ्यात बांधतो."

बांधला. गोणपाटं मागच्या पडवीत टाकली. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, नारळ हातात घेऊन दारात उभा राहिलो. खोली अशी चकाकत होती की बाहेरचा आंबा आत दिसत होता.

ढोल वळणावर आला तेव्हा पालखीच्या पुढे कुत्रा होता. गळ्यात माझी दोरी, अर्धी तुटलेली. लंगडत येत होता, पण शेपटी वर होती. माणसं हसून वाट देत होती. पालखी दारात थांबली, घरवालीने पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं. ते पाणी उंबऱ्याच्या आत वाहून आलं, सगळी लादी ओली झाली.

कुत्रा पालखीच्या पुढे उंबऱ्यावर आला. खाली वाकला. वास घेतला. गोणपाट नव्हतं. पंजा पुढे केला, चाचपला, मागे घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

मागे पालखी खांद्यावर थांबलेली. ढोल चालू. कोणीतरी म्हणालं, "कुत्र्याला घ्या की बाजूला." त्याला उचलायला मला वाकायला लागलं असतं, एवढंच. पण हातात देवाचा नारळ होता, अंगावर धुतलेलं होतं, आणि सगळ्या गावासमोर पालखी थांबवून कुत्रा उचलायचा याची मला लाज वाटली. मी म्हटलं, "चल. ये आत."

मी म्हटलं म्हणून तो आला. नाहीतर आला नसता.

दुसऱ्या पावलाला पडला. मागचे दोन्ही पाय बाजूंना गेले. मी म्हटलं, "ऊठ." त्याने प्रयत्न केला. पुन्हा पडला. मी पुन्हा म्हटलं, "ऊठ रे." तो माझ्याकडेच बघत होता आणि उठत होता. किती वेळा म्हटलं ते मला आठवतं, पण लिहीत नाही. शेवटच्या वेळी त्याच्या मागच्या भागातून आवाज आला, ओली फांदी मोडते तसा. तो ओरडला नाही. उठायचं थांबला.

पालखीच्या पुढच्या दांड्याला माझा चुलतभाऊ होता. त्याने दुसऱ्याला खांदा द्यायला लावला, ओल्या पायाने सांभाळून आत आला आणि कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलला. त्याचं पण अंगावर धुतलेलंच होतं. मला म्हणाला, "तू नारळ धर दादा. मी नेतो याला."

पालखी बसली. गाऱ्हाणं घातलं गेलं. या घरातल्या माणसांना, गुराढोरांना सांभाळ. सगळ्यांनी हात जोडले. मीपण जोडले.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून घरी आला. उंबऱ्यावर बूट काढले, मोज्यांवर आत आला आणि पहिल्याच पावलाला त्याचा पाय सरकला. भिंत धरली. खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. शेणाच्या जमिनीबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं झालं असतं. कुत्र्याला चाचपून म्हणाला, "खुबा निखळलाय. या वयात बसवला तरी टिकणार नाही. मागच्या पायांवर आता उभा राहायचा नाही, बाबा."

तो गेल्यावर मी पहार घेतली. पहिली लादी फुटायला वेळ लागला, चांगली बसवलेली होती. दोन दिवस फोडत होतो. खालचं सिमेंट काढलं, शेतातून माती आणली, पाणी मारून चोपण्याने चोपून बसवली. पहारीचा आवाज ऐकून चुलतभाऊ एकदा दारात आला. तिसऱ्या पाटीपासून मातीच्या पाट्या त्याने आणल्या. माती बसली तशी घरवालीने शेण कालवलं आणि सारवलं. सारवताना एकदाच म्हणाली, "मी त्याला तंगडं मोडलं म्हणायची हो." मग तिला पुढे सारवता येईना. उरलेलं मी सारवलं. या वेळी ते धरलं.

वाळल्यावर कुत्र्याला उचलून उंबऱ्यावर ठेवला. त्याने वास घेतला. पुढचे दोन पंजे मातीवर टाकले आणि ते रुतले. मागे मी पंचा धरून होतो. पुढचे पाय त्याचे, मागचे माझे, असे आम्ही खाटेपर्यंत गेलो. तिथे त्याने गोल फिरायला बघितलं. मी पंचा धरून त्याच्या मागून फिरलो. मग बसला.

असं रोज दोनदा. मागचे पाय सुकून काड्या झाले. पुढे पुढे पुढचेही थकले, तेव्हा मी पंचा पोटाऐवजी छातीखाली घ्यायला लागलो, आणि शेवटी नुसताच उचलून न्यायला लागलो. तरी उंबऱ्यावर त्याला एकदा खाली ठेवायचो. तो वास घ्यायचा. वैशाखात गेला. नाचणीच्या उतरणीवर पुरला, जिथून तो पळत जायचा तिथेच. चढताना मला चार वेळा बसायला लागलं.

डॉक्टर म्हणाला होता शेणाची असेल तर चालेल. शेणाचीच होती. अकरा वर्षं त्याच्या पायाखाली होती, मी उखडली.

घरवाली त्या पट्ट्यावरूनच चालते, तिचे गुडघे दुखतात. लादीवर ती पाय टाकत नाही. मी टाकतो. मी घेतलेली लादी आहे, मी चालतो तिच्यावरून, भिंतीला धरून.

दर आठवड्याला ती पट्टा सारवते. पूर्वी सारवून झालं की दार लोटून घ्यायची. आता लोटत नाही. वाळेपर्यंत दार सताड उघडं असतं आणि आम्ही दोघं आत बसून असतो.